पाहुणे बलाढ्य, यजमान सावध

मागच्या अंकात मी आसियानबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आग्नेय आशियातल्या अकरा देशांच्या संघटनेबद्दल. चीन, अमेरिका, जपान, भारत, रशिया या थोरामोठ्यांशी ती कशी वागते, हा विषय होता. या संघटनेला स्वतःचं असं परराष्ट्र धोरण फारसं नाहीच, तिच्याकडे आहे ते एक टेबल आणि मोठे देश त्या टेबलाशी येऊन बसतात हीच तिची कमाई, असं मी म्हटलं होतं. त्यावर पत्रं बरीच आली. निम्मी रागाची. नोकरीची सगळी वर्षं वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांच्या डेस्कवर काढल्यामुळे रागाची पत्रं मला आवडतात, त्यांत प्रश्न नेमका असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : तुम्ही आसियानचं कौतुक करता, मला ती चहापाण्याची संघटना वाटते. दरवर्षी नेते जमतात, हात एकमेकांत गुंफून फोटो काढतात आणि घरी जातात. या संघटनेनं एखाद्या मोठ्या देशाला कधी काही करायला लावलं आहे का?
— एक निवृत्त बँक अधिकारी

त्या फोटोबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. वर्षानुवर्षं तोच फोटो पहिल्या पानासाठी यायचा आणि वर्षानुवर्षं आम्ही तो आतल्या पानावर ढकलायचो.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते फारसं गोड नाही. १९७८ च्या डिसेंबरमध्ये व्हिएतनामी फौजा कंबोडियात शिरल्या आणि जानेवारीत त्यांनी नोम पेन्ह घेतलं. पोल पॉटची राजवट कोसळली. व्हिएतनामच्या पाठीशी सोव्हिएत संघ होता. फेब्रुवारीत चीननं व्हिएतनामवर हल्ला करून महिनाभर 'धडा शिकवला'. तेव्हा आसियानमध्ये पाचच देश होते : इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड. त्यांच्याकडे व्हिएतनामला हुसकावण्याइतकं सैन्य नव्हतं. त्यांनी संयुक्त राष्ट्रांत ठिय्या दिला. परकी फौजा बाहेर काढा, असा ठराव दरवर्षी मांडायचा आणि दरवर्षी मतं गोळा करायची. चीन आणि अमेरिका दोघेही त्यांच्या बाजूला आले, कारण सोव्हिएत संघाला रोखणं दोघांनाही हवं होतं. १९८९ मध्ये व्हिएतनामनं फौजा मागे घेतल्या, १९९१ मध्ये पॅरिसला करार झाला.

आता यातली कडू बाजू. या सगळ्या काळात संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची ज्यांच्याकडे राहिली त्यांत ख्मेर रूजही होते, म्हणजे पोल पॉटचाच पक्ष. पंधरा ते वीस लाख माणसांच्या मृत्यूला जबाबदार असलेली ही मंडळी. खुर्ची त्यांच्याकडे राहावी म्हणून आसियाननं खटपट केली. भारतानं १९८० मध्ये नोम पेन्हमधल्या व्हिएतनामधार्जिण्या सरकारला मान्यता दिली, तर आसियानच्या राजधान्या आपल्यावर रुसल्या आणि तो रुसवा पुढे दशकभर पुरला. माझं मत विचाराल तर त्या वेळी नैतिकदृष्ट्या दिल्ली अधिक बरोबर होती आणि राजकारण आसियाननं अधिक चांगलं केलं.

आणि ज्या व्हिएतनामला इतकी वर्षं वाळीत टाकलं, त्याला १९९५ मध्ये सदस्य करून घेतलं. आज दक्षिण चिनी समुद्रात चीनसमोर सगळ्यात ताठ उभे राहणाऱ्या दोन देशांपैकी एक तोच आहे. तेव्हाचा मित्र आज दबाव टाकतो, तेव्हाचा शत्रू आज शेजारच्या खुर्चीवर बसतो. त्या फोटोत हे कुठेच दिसत नाही, म्हणून तुम्हाला कंटाळा येतो.

प्रश्न : आसियानची लोकसंख्या पासष्ट कोटींच्या पुढे आहे. चीन दक्षिण चिनी समुद्रात एकेका देशाला गाठून दाबतो. हे सगळे एकत्र येऊन त्याला ठणकावत का नाहीत?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी

मुली, आधी नकाशा समोर घे. त्या समुद्रातल्या बेटांवर, खडकांवर किंवा पाण्यावर चीनशी उघड वाद कोणाचा? व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया आणि ब्रुनेई. इंडोनेशिया म्हणतो की आमचा वाद नाहीच. पण चीन आपला हक्क दाखवायला नकाशावर काढतो त्या नऊ तुटक रेषा इंडोनेशियाच्या नातुना बेटांजवळच्या पाण्यातून जातात, त्यामुळे चिनी मासेमारी नौका आणि तटरक्षक जहाजं तिथं येतात आणि जकार्ता चिडतं. थायलंड, सिंगापूर, कंबोडिया, म्यानमार यांचा तिथं दावा नाही. लाओसला तर समुद्रच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अकरावा सदस्य झालेला पूर्व तिमोर या वादापासून दूरच आहे. म्हणजे ज्यांना ठेच लागते ते चार-पाच, आणि ठराव मात्र सर्वांच्या संमतीनं व्हायला हवा.

हे कसं अडतं त्याचा नमुना म्हणजे जुलै २०१२. परराष्ट्रमंत्र्यांची बैठक नोम पेन्हला होती, अध्यक्षपद कंबोडियाकडे. काही महिन्यांपूर्वी स्कारबरो शोल या प्रवाळभित्तीपाशी चिनी आणि फिलिपिनो जहाजं समोरासमोर उभी राहिली होती. संयुक्त निवेदनात त्याचा उल्लेख हवा, असा मनिलाचा आग्रह. दोन देशांमधल्या भांडणाचा उल्लेख संघटनेच्या निवेदनात नको, असं अध्यक्षांचं म्हणणं. मसुद्यावर मसुदे झाले. शेवटी निवेदनच निघालं नाही. संघटना १९६७ मध्ये स्थापन झाल्यापासून पंचेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. कंबोडियाला चीनकडून मिळणारी कर्जं आणि मदत सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही. इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्टी नातालेगावा यांनी मग विमानानं राजधान्या पालथ्या घातल्या आणि सहा मुद्द्यांचं एक पत्रक सर्वांच्या गळी उतरवलं. त्यात स्कारबरो नव्हतंच. लाज राखली गेली, इतकंच.

तू विचारशील, मग बहुमतानं निर्णय का घेत नाहीत? कारण ही संघटना बाहेरच्यांशी लढायला जन्मलीच नव्हती. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशियानं मलेशियाविरुद्ध अघोषित युद्ध चालवलं होतं. फिलिपिन्स मलेशियाच्या साबा प्रांतावर हक्क सांगत होता. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडलं होतं आणि दोघांची मनं साफ नव्हती. अशा पाचांनी ८ ऑगस्ट १९६७ ला बँकॉकमध्ये सह्या केल्या त्या एकमेकांच्या खोड्या थांबवण्यासाठी. तिथं मतदान ठेवलं असतं तर पहिल्याच वर्षी कोणीतरी उठून गेलं असतं. पुढे २००७ मध्ये सनद लिहिली, तेव्हाही सल्लामसलत आणि सहमती हीच पद्धत कायम ठेवली.

या पद्धतीमुळे चीनला एक सदस्य वळवला की पुरतं, हे खरं. पण हीच पद्धत उलट्या बाजूनंही चालते. वॉशिंग्टनला अख्खी संघटना चीनविरोधी आघाडीत ओढायची म्हटली तर तीही याच दारावर अडते. पत्रं लिहिणारे वाचक पहिला भाग जोरात मांडतात, दुसरा विसरतात.

प्रश्न : समुद्राबद्दल सगळे बोलतात. मेकाँग नदीवरच्या चिनी धरणांबद्दल आसियान कधी बोलते का?
— पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता

तुमच्या खात्याला शोभेल असा प्रश्न. यावर मला पानभर लिहायचं आहे, संपादक देतील तेवढी जागा घेते.

मेकाँग चीनमध्ये उगम पावते, तिथं तिला लांत्सांग म्हणतात. मग ती म्यानमार आणि लाओसच्या सीमेवरून, थायलंडच्या कडेनं, लाओस, कंबोडिया करत व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशात समुद्राला मिळते. चीननं आपल्या हद्दीत मुख्य प्रवाहावर अकरा मोठी धरणं बांधली. खालचे चार देश, म्हणजे थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम, १९९५ पासून मेकाँग नदी आयोगात एकत्र आहेत. चीन आणि म्यानमार त्या आयोगाचे सदस्य नाहीत, फक्त संवादाचे भागीदार आहेत. वरच्यानं पाणी किती सोडायचं यावर खालच्यांचा कायदेशीर हात पोचत नाही, ही व्यथा तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

२०१६ च्या सुरुवातीला खाली भीषण दुष्काळ होता. व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशात खारं पाणी आत शिरून भातशेती जळत होती. मार्चमध्ये चीननं जिंगहोंग धरणातून जादा पाणी सोडलं, आणि त्याच महिन्यात सान्या इथं सहा नदीकाठच्या देशांच्या नेत्यांची पहिली लांत्सांग-मेकाँग शिखर बैठक भरवली. पाणी आलं, आभार मानले गेले, नवं व्यासपीठ उभं राहिलं आणि जुना आयोग बाजूला पडला. धरणाचं दार आणि परिषदेचं दार एकाच सुमाराला उघडलं, याला मी योगायोग म्हणणार नाही. २०२० मध्ये चीननं वर्षभराची पाण्याची आकडेवारी द्यायला मान्यता दिली, त्याआधी ती फक्त पावसाळ्यापुरती मिळत होती. काही मिळालं, हे मान्य करायला हवं.

आणि आसियान? एक संघटना म्हणून जवळजवळ गप्प. कारण फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेई, सिंगापूर यांना त्या नदीशी देणंघेणं नाही. संघटनेत खरं तर दोन गट आहेत, समुद्रवाले आणि नदीवाले. समुद्रवाल्यांना नदीवाल्यांनी समुद्रावर बोलायला हवं असतं, पण नदीवर बोलायची वेळ आली की ते स्वतः खिडकीबाहेर बघतात. लाओसची राजधानी व्हिएंतियान २०२१ च्या डिसेंबरपासून रेल्वेनं चीनशी जोडलेली आहे, आणि देशातल्या उच्च दाबाच्या वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीत बहुसंख्य वाटा चिनी कंपनीचा आहे. त्या देशाच्या मंत्र्यानं मनिलाच्या प्रवाळभित्तीसाठी बीजिंगशी वैर घ्यावं, ही अपेक्षा कोणत्या हिशेबानं करायची? दोन्ही गटांत बसणारा देश एकच आहे, व्हिएतनाम. वरून नदी, समोरून समुद्र. म्हणून हनोईच्या मुत्सद्द्यांची भाषणं मी सगळ्यात लक्ष देऊन वाचते.

प्रश्न : २०१६ मध्ये फिलिपिन्सनं चीनविरुद्ध खटला जिंकला. त्या निकालाचं पुढे झालं काय?
— एक वकील

कायद्याच्या दृष्टीनं निकाल लखलखीत होता, हे तुम्ही जाणताच. १२ जुलै २०१६ ला हेगमधल्या लवादानं सांगितलं की नऊ तुटक रेषांच्या आतल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्काला सागरी कायद्याच्या करारात आधार नाही, आणि त्या समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहातल्या एकाही खडकाला किंवा बेटाला स्वतःचं दोनशे सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळत नाही. चीन सुनावणीला आलाच नव्हता, निकालही त्यानं धुडकावला. निकाल बजावायला बेलीफ नाही.

पुढची गंमत राजकारणाची. खटला २०१३ मध्ये दाखल करणारं सरकार गेलं आणि निकालाच्या बारा दिवस आधी रॉड्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले. त्यांना चिनी कर्जं आणि रेल्वे हवी होती. त्यांनी निकालपत्र फडताळात ठेवलं आणि ऑक्टोबरमध्ये बीजिंग गाठलं. त्याच जुलैच्या शेवटी आसियानच्या मंत्र्यांनी व्हिएंतियानमध्ये जे निवेदन काढलं त्यात लवादाचं नावही नाही. 'काही मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली' एवढंच आहे. मी ही निवेदनं मागून पुढे वाचते, कारण पहिल्या दहा परिच्छेदांत कोणीच भांडलेलं नसतं.

२०२२ मध्ये फर्डिनांड मार्कोस धाकटे आले आणि वारं फिरलं. २०२३ मध्ये अमेरिकन सैन्याला आणखी चार तळ वापरायला दिले, एकूण नऊ झाले. सेकंड थॉमस शोल या प्रवाळभित्तीवर फिलिपिन्सनं १९९९ मध्ये मुद्दाम रुतवून ठेवलेलं एक गंजकं युद्धनौकेचं धूड आहे, त्यावर मूठभर नौसैनिक राहतात. त्यांना रसद न्यायला निघालेल्या नावांवर चिनी तटरक्षक पाण्याचे फवारे मारतात. २०२४ च्या जूनमध्ये झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. त्यानंतरच्या महिन्यात दोघांनी रसदीपुरता तात्पुरता समझोता केला, तोही आपापसात. आसियान त्यात नव्हती.

जाता जाता : फिलिपिन्सच्या सिनेटनं १९९१ मध्ये १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकन तळांचा नवा करार फेटाळला, अमेरिकन आरमार सुबिकच्या तळावरून गेलं, आणि १९९५ च्या आरंभी स्प्रॅटलीतल्या मिसचीफ रीफ या प्रवाळभित्तीवर चिनी बांधकामं दिसली. एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध करता येत नाही. मनिलात मात्र ही सनावळी लोकांना तोंडपाठ आहे.

प्रश्न : आपल्या सार्कला हे का जमत नाही?
— अनेक वाचक

कारण सार्क ही दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, आणि तिचा मोठा देश घरातच आहे. आसियानला चीन, अमेरिका, जपान, भारत हे सगळे बाहेरचे. सार्कमध्ये क्षेत्रफळात आणि लोकसंख्येत भारत बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा, आणि पाकिस्तान-अफगाणिस्तान हा अपवाद सोडला तर कोणाचीही जमिनीवरची सीमा भारत सोडून दुसऱ्या सदस्याशी लागत नाही. त्यामुळे इतरांना वाटतं की संघटना भारताला आवरायला आहे, आणि दिल्लीला वाटतं की ती आपल्याविरुद्ध एकी करायला आहे. १९८५ ची सार्कची सनद वाचली तर निर्णय एकमतानं घ्यायचे आणि द्विपक्षीय वाद बाहेर ठेवायचे, असंच तिथंही लिहिलंय. नियम तेच, फळ वेगळं. शेवटची शिखर परिषद काठमांडूला २०१४ मध्ये झाली. २०१६ ची इस्लामाबादची बारगळली, त्यानंतर काहीच नाही.

फरक पडला तो इंडोनेशियामुळे. आसियानमध्येही एक थोरला होताच. सुहार्तो यांनी सत्तेवर आल्यावर मलेशियाशी चाललेली चकमक थांबवली आणि तीस वर्षं पुढे पुढे न करता मागच्या रांगेत बसणं पसंत केलं. सचिवालय जकार्तात आलं, पण जकार्ताचा हुकूम चालतो अशी तक्रार धाकट्यांना करावी लागली नाही. घरात सुहार्तो अजिबात मवाळ नव्हते, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही; पूर्व तिमोरवर त्यांनी १९७५ मध्ये फौजा घातल्या आणि आसियाननं तोंड उघडलं नाही. तोच पूर्व तिमोर आता त्याच संघटनेत आहे.

प्रश्न : आपण आरसेप या आसियानभोवतीच्या मुक्त व्यापार करारातून बाहेर पडलो ते बरं की वाईट? आणि आसियानला भारत नेमका कशासाठी हवा असतो?
— एक लघुउद्योजक

दुसऱ्या प्रश्नापासून. त्यांना आपण वजन म्हणून हवे असतो. २००५ मध्ये पूर्व आशिया शिखर परिषद सुरू होत होती, तेव्हा ती आसियान, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया एवढ्यांपुरतीच राहावी हे बीजिंगला बरं वाटलं असतं. सिंगापूर, इंडोनेशिया आणि जपान यांनी भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला आत घेतलं, कारण त्याशिवाय टेबल एका बाजूला कललं असतं. आत यायची एक अट होती : आसियानचा १९७६ चा मैत्री आणि सहकार्य करार मान्य करा, म्हणजे बळाचा वापर नाही, एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ नाही. चीन आणि भारत यांनी २००३ मध्येच तो बालीत मान्य केला होता. नाकं मुरडणाऱ्या ऑस्ट्रेलियानं २००५ मध्ये केला, अमेरिकेनं २००९ मध्ये, आणि मग २०११ मध्ये अमेरिका आणि रशिया परिषदेत आले. भांडणाऱ्या दोन्ही घरांना ज्याच्या ओटीवर येऊन बसायला कमीपणा वाटत नाही, असा शेजारी गावात एखादाच असतो. आसियाननं ती ओटी राखली आहे.

आता आरसेप. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बँकॉकला भारतानं माघार घेतली आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये पंधरा देशांनी सह्या केल्या. आपली भीती खोटी नव्हती. दुधाचा धंदा न्यूझीलंडसमोर कसा टिकणार आणि चिनी माल आडवाटेनं किती येणार, हे प्रश्न खरे होते. आसियानशी २०१० पासून वस्तूंचा मुक्त व्यापार करार आहेच. २०१०-११ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या आसपास असलेली आपली व्यापारी तूट २०२२-२३ मध्ये ४३ अब्जांवर गेली. पण तुम्ही धंद्यातले आहात म्हणून हेही सांगते : त्या आयातीत इंडोनेशियाचा कोळसा आणि इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल भरपूर आहे, आणि ते आपण करार नसता तरी घेतलंच असतं. कराराचा फेरआढावा घ्यायचं ठरलं, २०२५ पर्यंत तो संपवायचं ठरलं. दिल्लीच्या वाटाघाटीत तारखा रबरी असतात.

माझ्या मते बाहेर पडणं समजण्यासारखं होतं, पण किंमत मोजूनच. आसियानच्या राजधान्यांमध्ये तेव्हापासून असं बोललं जातं की भारत भाषणाला येतो, व्यापाराला येत नाही. दिल्लीनं मग एकेकाशी जमवणं सुरू केलं. २०२२ मध्ये फिलिपिन्सनं ब्रह्मोस क्षेपणास्त्रांसाठी सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केला आणि पहिला साठा २०२४ च्या एप्रिलमध्ये पोचला. मनिलाच्या नौसैनिकांना त्याचा उपयोग आहे. संघटनेशी असलेल्या आपल्या नात्यात त्यानं फारशी भर पडत नाही.

प्रश्न : अमेरिकेवर आसियान देशांचा विश्वास आहे का? एका वाक्यात सांगा.
— एक वाचक

आरमारावर आहे, अध्यक्षांवर नाही.

एका वाक्यात मागितलंत म्हणून दिलं, पण पुरावा जोडते. २०१९ मध्ये बँकॉकच्या परिषदेला ट्रम्प आले नाहीत, त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला पाठवलं. तेव्हा अमेरिकेबरोबरच्या बैठकीला आसियानच्या दहापैकी सात देशांच्या प्रमुखांनीही दांडी मारली आणि परराष्ट्रमंत्री पाठवले. फक्त थायलंड, व्हिएतनाम आणि लाओसचे पंतप्रधान बसले. इतक्या नम्र मंडळींकडून एवढा स्पष्ट अपमान मी तरी दुसरा पाहिला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच ट्रम्प यांनी कंबोडियावर ४९ आणि व्हिएतनामवर ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं. उलट कर लावणार नाही, असं आसियानच्या अर्थमंत्र्यांनी एकत्र सांगितलं, आणि मग प्रत्येक देश एकटाच वॉशिंग्टनच्या दारात गेला. सवलती मिळाल्या त्याही एकेकट्याला.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प क्वालालंपूरला आले, थायलंड आणि कंबोडियाच्या समझोत्याला साक्षी म्हणून. जुलैमधली सीमेवरची लढाई थांबवायला मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी दोघांना पुत्रजयात बसवलं होतं. पण व्यापाराची धमकी देणारे फोन वॉशिंग्टनहून गेले होते. डिसेंबरमध्ये पुन्हा तोफा धडाडल्या आणि महिनाअखेरीस पुन्हा शस्त्रसंधी करावी लागली. सिंगापूरची एक संशोधन संस्था दरवर्षी या देशांतल्या जाणत्या लोकांना विचारते की निवड करावीच लागली तर कोणाची कराल. २०२४ मध्ये पहिल्यांदा निम्म्याहून किंचित जास्त लोकांनी चीनचं नाव घेतलं, पुढच्या वर्षी पारडं परत अमेरिकेकडे झुकलं. इतक्या थोडक्या फरकानं सरकणाऱ्या आकड्यावर मोठमोठे मथळे देणाऱ्यांची मला कीव येते.

प्रश्न : सामान्य वाचकानं यापुढे कोणत्या बातमीवर लक्ष ठेवावं?
— एक गृहिणी, 'जिला हे सगळं कळतं पण वेळ नाही'

दक्षिण चिनी समुद्राच्या आचारसंहितेवर. २००२ मध्ये चीन आणि आसियान यांनी एक जाहीरनामा केला, त्यात पुढे नीट आचारसंहिता करायचं वचन होतं. वाटाघाटींसाठी एकच मसुदा समोर यायला २०१८ उजाडलं. २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी तीन वर्षांत काम संपवायचं ठरवलं, म्हणजे २०२६. आसियानचं त्या वर्षीचं अध्यक्षपदही फिलिपिन्सकडे आहे. पाळी खरी म्यानमारची होती, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सेनापतींना ती दिली नाही.

तुम्हाला वेळ नाही म्हणता, तर बातमी आली की तीनच गोष्टी शोधा. संहिता कायद्यानं बंधनकारक आहे का, की नुसती सदिच्छा. बाहेरच्या देशांबरोबर लष्करी कवायती करायच्या असतील किंवा बाहेरच्या कंपन्यांना तेल शोधायला बोलवायचं असेल तर सर्वांची, म्हणजे चीनचीही, आधी संमती लागेल असं कलम त्यात शिरलंय का. चीनच्या सूचनांमध्ये ते होतं, आणि ते मान्य झालं तर मनिलाचे अमेरिकेबरोबरचे सराव बीजिंगला विचारून होतील. आणि तिसरं, संहिता लागू होणाऱ्या क्षेत्रात पारासेल बेटं येतात का. ती १९७४ पासून पूर्णपणे चीनच्या ताब्यात आहेत, व्हिएतनाम हक्क सोडायला तयार नाही, आणि चीन त्यावर बोलायलाच तयार नाही. पारासेलचं नाव गाळून हनोईनं सही केली, तर बदल्यात त्यांना काय मिळालं ते शोधायला मी बसेन, आणि सापडलं की याच पानावर कळवेन.